केळीच्या अ‍ॅक्वापोरिनचं सिम्युलेशन: मेंब्रेन आक्रसतंय, काय बदलू?

केळीबन (जळगाव)
केळीच्या मुळांतल्या पीआयपी२ गटातल्या, पेशीपटलातून पाणी आरपार नेणाऱ्या अ‍ॅक्वापोरिनवर एमएस्सीचा प्रकल्प करते आहे. काळ्या जमिनीत पाणी साचलं की मुळं पाणी ओढायचं का थांबवतात, ते या प्रोटीनच्या पातळीवर बघायचंय. अल्फाफोल्ड २ ने केलेला टेट्रामर (चार साखळ्यांचा संच) चार्म-जीयूआय या सिस्टिम बांधून देणाऱ्या साइटवरून पीओपीसी या लिपिडच्या मेंब्रेनमध्ये बसवला. चार्म३६एम फोर्स फील्ड (अणूंमधल्या बलांची सूत्रं), टीआयपी३पी पाणी, ०.१५ मोलर केसीएल, ३०३ केल्विन, एकूण साधारण १ लाख ३० हजार अणू. मिनिमायझेशन (सुरुवातीचे ताण काढणं) आणि पुढचे स्थिरीकरणाचे सहाही टप्पे (६.१ ते ६.६) सुरळीत झाले.

प्रॉडक्शनची, म्हणजे मुख्य रनची, एमडीपी फाइल (ग्रोमॅक्सच्या सेटिंगची) मात्र पाण्यातल्या प्रोटीनच्या एका ट्युटोरियलमधून घेतली. त्यात प्रेशर कपलिंग तेवढं सेमी-आयसोट्रॉपिक (एक्स-वाय एकत्र, झेड वेगळा) केलं. साधा कटऑफ १.२, डिस्पकॉर = एनरप्रेस. आता बॉक्स एक्स-वायमध्ये ११.५ वरून ११.० नॅनोमीटरवर आलाय, झेड १० वरून जवळजवळ ११ वर गेलाय आणि लिपिडच्या शेपट्या ताठ दिसतात. एका लिपिडमागे ०.६४ चौरस नॅनोमीटर यायला हवं ना?

तापीकाठ
ताई, घोळ त्या दोन ओळींतच आहे. डिस्पकॉर ही कटऑफपलीकडच्या आकर्षणाची दुरुस्ती, ती सगळीकडे घनता सारखी आहे असं धरून चालते. पाण्यात तरंगणाऱ्या लहान प्रोटीनला ते चालून जातं. पाणी, लिपिड, पाणी असे थर असले की ते गृहीतकच मोडतं. जास्तीचं आकर्षण लिपिडांना एकमेकांकडे ओढतं आणि क्षेत्रफळ घटतं. साधा कटऑफही त्याच दिशेने ढकलतो. चार्म३६ ची लिपिडं फोर्स-स्विच (कटऑफजवळ बल हळूहळू शून्यावर आणणं) धरून आणि ही दुरुस्ती न लावता जुळवलेली आहेत, म्हणून तशीच चालवायची.

व्हीडीडब्ल्यू-मॉडिफायर फोर्स-स्विच करा, आरव्हीडीडब्ल्यू-स्विच १.०, आरव्हीडीडब्ल्यू आणि आरकूलॉम दोन्ही १.२, पीएमई, डिस्पकॉर = नो, कन्स्ट्रेंट फक्त एच-बॉन्ड्सवर. बॅरोस्टॅट (दाब सांभाळणारी पद्धत) सी-रीस्केल, टाऊ-पी ५ पिकोसेकंद. सेमी-आयसोट्रॉपिकमध्ये दाब आणि कॉम्प्रेसिबिलिटी दोन-दोन आकड्यांत द्यावे लागतात: १.० १.० आणि ४.५ई-५ ४.५ई-५. कॉम-ग्रुप्समध्ये प्रोटीन आणि लिपिड मिळून एक गट, पाणी आणि आयन मिळून दुसरा. खरं तर चार्म-जीयूआय प्रॉडक्शनची फाइल सोबत देतंच, तीच घ्या. आक्रसलेल्या फ्रेमवरून पुढे नेऊ नका, ६.६ च्या शेवटापासून नव्याने सुरू करा.

०.६४ हा आकडा शुद्ध पीओपीसीचा आहे. बॉक्सच्या क्षेत्रफळाला लिपिडांच्या संख्येने भागलंत तर प्रोटीनची जागाही त्यातच मोजली जाते आणि उत्तर फसवं येतं. फॉस्फरस ते फॉस्फरस जाडी बघा, पीओपीसीत ती ३.८ नॅनोमीटरच्या आसपास असते. प्रोटीनला लागून असलेली लिपिडं त्यातून वगळा.

रावेर_पट्टा
एमडीपी सुधारली तरी मूळ प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळणार नाही. पालकाच्या पीआयपी२;१ च्या बंद आणि उघड्या रचना २००६ साली प्रसिद्ध झाल्या, त्या शेजारी ठेवून बघा. बंद रचनेत लूप डी (साखळीचा एक वळसा) पेशीच्या आतल्या बाजूने छिद्रावर झाकणासारखा बसतो आणि ल्युसीन १९७ (साखळीतलं १९७ वं अमिनो आम्ल) वाट अडवतो. पाणी साचून मुळांना ऑक्सिजन मिळेनासा झाला की पेशीद्रव आम्लधर्मी होतो, हिस्टिडीन १९३ ला प्रोटॉन चिकटतो आणि झाकण बंद राहतं. दुष्काळात बंद होण्याचं कारण वेगळं: सेरीन ११५ आणि २७४ वरचे फॉस्फेट निघून जातात. हे क्रमांक पालकाचे आहेत. केळीचा सिक्वेन्स अलाइन करून तुमचे क्रमांक शोधा, आंधळेपणाने उतरवू नका.

साध्या सिम्युलेशनमध्ये प्रोटोनेशन सुरुवातीलाच ठरतं आणि शेवटपर्यंत बदलत नाही. म्हणून दोन वेगळ्या सिस्टिम लागतील. एकीत चारही साखळ्यांत तो हिस्टिडीन एचएसपी (प्रोटॉन चिकटलेला), दुसरीत एचएसडी किंवा एचएसई (तटस्थ). बंद रचनेत लूप डी ला एन-टोकाशी धरून ठेवणारी कॅल्शियमची जागाही आहे. अल्फाफोल्ड २ आयन बसवत नाही, ती जागा रिकामीच राहते आणि झाकण उगाच सैल होतं. कॅल्शियम हाताने ठेवा.

पीओपीसीबद्दल माझं मत वेगळं आहे. मुळाच्या पेशीपटलात सिटोस्टेरॉलसारखे स्टेरॉल भरपूर असतात, ते मेंब्रेन जाड आणि घट्ट करतात. निष्कर्ष केळीबद्दल काढायचा तर पीएलपीसी लिपिड आणि सिटोस्टेरॉल घ्या.

तापीकाठ
मान्य, पण आधी पीओपीसीवर सगळं बसू द्या. स्टेरॉल आले की शेजारच्या लिपिडची शेपटी त्यांच्या कड्यातून आरपार गेलेली असू शकते. फिनाइलॅलॅनिन, ट्रिप्टोफॅनच्या कड्यांतही तसं होतं. मिनिमायझेशननंतर एकाच अणूवर बल अडकून राहिलं किंवा लिंक्सची (बंधांची लांबी सांभाळणाऱ्या भागाची) सूचना त्याच जागेवर पुन्हा पुन्हा आली, तर तिथलं कडं उघडून बघा. मिनिमायझेशन कितीही वाढवलं तरी शेपटी बाहेर येत नाही, सिस्टिम पुन्हा बांधावी लागते.

केळीबन
१०० नॅनोसेकंदांत झाकण बंद होताना दिसेल का? आणि दुपारी वीज गेली की रन तुटतो.

रावेर_पट्टा
तेवढ्यात दिसेल यावर भिस्त ठेवू नका. दोन्ही टोकांपासून सुरू करा: बंद रचना एचएसपीसह आणि उघड्या साच्यावर मॉडेलर प्रोग्रामने केलेली रचना तटस्थ हिस्टिडीनसह. मग प्रोटोनेशनची अदलाबदल करा. प्रत्येकाचे वेगळ्या सुरुवातीच्या वेगांनी किमान तीन रन.

मोजायचं ते पाण्याचं वहन. ऑस्मोटिक फरक नसल्यामुळे दोन्ही दिशांची निव्वळ बेरीज शून्याजवळच येईल, ती मोजून काही कळत नाही. छिद्रातल्या प्रत्येक रेणूचं झेड दिशेतलं विस्थापन छिद्राच्या लांबीने भागा, सगळ्यांची बेरीज करत न्या, तो झाला एन. एनच्या वर्गाची सरासरी काळाविरुद्ध काढा, उताराचा निम्मा म्हणजे डी-एन. त्याला पाण्याच्या एका रेणूच्या आकारमानाने, म्हणजे ३×१०⁻²³ घनसेंटीमीटरने, गुणलं की पी-एफ (ऑस्मोटिक पारगम्यता) मिळतो. यासाठी फ्रेम दर १ पिकोसेकंदाला साठवा, १०० पिकोसेकंदांच्या फ्रेममध्ये उड्या निसटतात. चारही मोनोमर वेगवेगळे मोजा, एखादाच बंद असेल तर सरासरीत तो दडतो.

तापीकाठ
विजेसाठी एमडीरनला (रन चालवणाऱ्या आज्ञेला) -सीपीटी ५ द्या, दर पाच मिनिटांनी चेकपॉइंट लिहिला जाईल. पुन्हा सुरू करताना -सीपीआयने तीच फाइल द्या, जुन्या फायलींना पुढे जोडलं जातं. मागची चेकपॉइंट प्रतही शिल्लक राहते, शेवटची अर्धवट लिहिली गेली तर ती कामाला येते. मे महिन्यात जीपीयू तापून वेग घटवत असेल तर एनव्हिडिया-एसएमआय -पीएलने वीजमर्यादा थोडी खाली आणा.