सार्डिनियात शेतावर तंबू : ऑगस्ट टाळाच

कुणीतरी विचारलंय की मुलांच्या सुट्टीत इटलीच्या सार्डिनिया बेटावर शेतात तंबू ठोकून राहायचं, तर मे बरा की ऑगस्ट? डोळे झाकून मे. ऑगस्टमध्ये अख्खी इटली समुद्रावर लोटते, फेरीबोटीचं तिकीट महागतं आणि मुख्य म्हणजे तोवर मेंढ्यांचं दूध आटलेलं असतं. मे महिन्यात दूध भरपूर. आम्ही गल्लुरा भागात राहिलो तिथल्या काकू सकाळी गरम रिकोटा (मऊ, ताजं चीज) वाडग्यात घालून द्यायच्या, वर नुसता मध. माझी लेक अजून त्याची आठवण काढते.

आजूबाजूला बुचाचे ओक, म्हणजे ज्यांच्या सालीपासून बाटल्यांची बुचं करतात ती झाडं. साल काढलेले बुंधे लालभडक, सोललेल्यासारखे दिसतात. पुन्हा साल काढायला साधारण दहा वर्षं थांबतात.

बुकिंग करताना ‘आग्रिकाम्पेज्जो’ असं शोधा, म्हणजे शेतावर तंबूची परवानगी असलेली जागा. रानात कुठेही तंबू ठोकायला तिथे बंदी आहे. उन्हाळ्यात वणव्यांमुळे उघड्यावर चूल पेटवण्यावरही कडक निर्बंध असतात, त्यामुळे रात्रीचं जेवण शेतकऱ्याकडेच सांगा. शाकाहारी असाल तर ‘कुलुर्जोनेस’ हा भरलेला पास्ता मागा : बटाटा, चीज, पुदिन्याचं सारण आणि कडेला करंजीसारखी सुरेख मुरड.

गाडी लागेलच, बसच्या भरवशावर शेतापर्यंत पोचणं कठीण. आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून न्या. आणि लांब, जाड खुंट्या घ्या. मिस्ट्राल हा वायव्येकडून येणारा जोराचा वारा सुटला तेव्हा आमचा तंबू मध्यरात्री उखडला होता.