‘तापहीन’ सूर्यानं मुलांचं कोण व्हावं : मित्र, स्नेही की सोयरा?

बाळेकर : आमच्या गल्लीतल्या मुलांसाठी एक छोटी नाटुकली लिहिते आहे. नायक सूर्य, पण आपल्या सोलापूरचा वैशाखातला, अंगाची काहिली करणारा नाही. हा मायाळू आहे, हळू बोलतो. मालदांडी ज्वारीच्या ताटांशी, मागावर बसलेल्या आजोबांशी, सिद्धेश्वर तलावाच्या पाण्याशी त्याची मैत्री जमते. डोक्यात सारखी पसायदानातली ओवी आहे : ‘मार्तंड जे तापहीन’, आणि पाठोपाठ ‘सोयरे होतु’. या सूर्यानं मुलांना स्वतःची ओळख काय म्हणून करून द्यावी? आणि तापहीन म्हणजे थंड का? थंड सूर्य मला नको.

जुनी संस्कृत शिक्षिका : ताई, तापहीन म्हणजे थंड नव्हे. मराठीत ताप हा नेहमी त्रासाच्याच बाजूचा शब्द राहिला. अंगात येतो तो ताप, डोक्याला होतो तोही ताप. माया असते ती ऊब. पौषात सकाळी ओट्यावर बसून आपण ऊन खातो ते ‘कोवळं ऊन’. त्या उन्हाला ऊब आहे, ताप नाही. तुमचा नायक हाच. एक मात्र ध्यानात असू द्या : ओवीत ज्ञानदेव सूर्याबद्दल बोलत नाहीत, सज्जनांबद्दल बोलतात. जे डाग नसलेले चंद्र आणि न पोळणारे सूर्य आहेत, असे सज्जन सगळ्यांचे सोयरे होवोत, अशी ती मागणी आहे.

सूर्याच्या स्वतःच्या मैत्रीसाठी याहून जुना आधार आहे. ‘मित्र’ हे सूर्याचंच नाव. सूर्यनमस्काराचा पहिलाच मंत्र ‘ॐ मित्राय नमः’. अमरकोशानंही सूर्याच्या नावांत मित्र दिलं आहे. संस्कृतात लिंगानं फरक पडतो : पुल्लिंगी ‘मित्रः’ म्हणजे देव किंवा सूर्य, नपुंसकलिंगी ‘मित्रम्’ म्हणजे सखा. मराठीत आपण दोघांना एकाच पुल्लिंगात आणलं, त्यामुळे सूर्य मित्रातच मिसळून गेला आणि कुणाच्या लक्षातही राहिला नाही. ऋग्वेदात एकट्या मित्राला वाहिलेलं एकच सूक्त आहे, तिसऱ्या मंडलातलं 59 वं. त्याची सुरुवात ‘मित्रो जनान्यातयति ब्रुवाणः’ अशी होते. बोलून माणसांना एकत्र आणणारा, आपापल्या जागी लावणारा, असा त्याचा अर्थ लावतात. हा देव धाक घालत नाही, शब्दानं माणसं जोडतो. नाटुकलीतला सूर्य हळू बोलतो म्हणालात, ते वाचून मला फार आनंद झाला.

पूर्व भागातून : आमच्या घरी तेलुगू. आम्ही मित्राला ‘स्नेहितुडु’ म्हणतो, शेजारचे कानडी काका ‘स्नेहित’. म्हणजे आपल्या शहरातल्या तीनपैकी दोन भाषांत रोजच्या दोस्ताच्या नावात स्नेह आहे. मराठीत तोच ‘स्नेही’ लग्नपत्रिकेत आणि ‘सस्नेह नमस्कारा’त जाऊन बसला, अंगणातल्या खेळात त्याला जागा उरली नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं. स्नेह म्हणजे तेलही, आणि तीळ म्हणजे तेल. सूर्य मकरेत येतो तेव्हाच आपण तीळ वाटतो, त्याच दिवसांत सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्राही भरते. तुमच्या प्रयोगात मागावरचे आजोबा सूर्याला ‘स्नेहितुडु’ म्हणूच शकतील. मुलांना लगेच कळेल, अर्ध्या मुलांच्या घरी तेच बोलतात.

अर्ज लिहिणारा : आणखी एक भाऊबंद आहे. आपण अर्जाच्या वर लिहितो तो ‘मेहेरबान’. त्यातला मेहेर हा फारसी ‘मिह्‌र’. त्याचे अर्थ सूर्य, प्रेम आणि दया. मूळ इराणी देव मिथ्र, म्हणजे वेदातल्या मित्राचाच नातलग. कचेरीत आपण रोज सूर्याचं नाव घेतो.

‘सोयरा’ मात्र नको. तुकोबांना वृक्षवल्ली सोयरी वाटली, तो विस्तार मोठाच आहे. पण आज सोयरीक म्हटलं की लग्नाची बोलणी आठवतात. ‘मार्तंड’ही टाळा. तुमच्या बाळे भागातल्या मुलांना तो शब्द ऐकला की थेट आपला खंडोबा दिसेल, भंडारा उधळलेला, आणि तुमचा हळू बोलणारा सूर्य बाजूला राहील.

बाळेकर : मार्तंड काढला. अडचण हाक मारण्याची आहे. चंद्राला आपण केव्हाच चांदोमामा करून घेतलं, सूर्यापुढे मात्र ‘सूर्यनारायणा’ म्हणत हात जोडतो. मुलांनी त्याला ‘मित्रा’ म्हटलं तर घरच्या मोठ्यांना आगाऊपणा वाटेल का? आणि क्रियापद एकेरी चालेल?

जुनी संस्कृत शिक्षिका : चालेल, शोभेलही. मराठी माणूस देवाला आणि आईला तूच म्हणतो. विठ्ठलाला कुणी अहो म्हणत नाही. ‘मित्रा, आज लवकर आलास’ हे वाक्य मुलाच्या तोंडी ठेवा. मोठ्यांपैकी कुणी विचारलंच, तर सूर्यनमस्काराचा पहिला मंत्र म्हणून दाखवा. फक्त दुपारच्या प्रवेशात त्याच्या तोंडी ‘ताप’ घालू नका. ‘जरा सावलीत बसा, मी उन्हं उतरली की येतो’ असं म्हणू दे.