साल्हेरवर मुक्काम: तंबू की गुहा?

डिसेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या साल्हेर किल्ल्याच्या माथ्यावर, परशुराम मंदिरापाशी तंबू लावावा का, असं एकाने विचारलंय. माझं मत: अजिबात नको. उंची १५६७ मीटर, आडोसा शून्य आणि कातळावर माती इतकी पातळ की खुंटी नीट रुततच नाही. एक जरी उपटली तरी वरचं कापड फडफडायला लागतं, पुढे पोल वाकतो. गंगासागर तलावाजवळच्या गुहांत पथारी टाका आणि माथा पहाटे करा.

सटाणा-ताहराबाद-मुल्हेर करत पायथ्याच्या वाघांबे गावात या. वाट साल्हेर आणि शेजारचा सालोटा किल्ला यांच्यामधल्या खिंडीत चढते. तिथे वारा दोन डोंगरांत कोंडून एकदम अंगावर येतो. चढून घामेजलेले असता, म्हणून खिंडीच्या थोडं खालीच ओला टीशर्ट बदलून विंडचीटर चढवा. खिंडीत पोचल्यावर सॅक उघडली की हातातलं उडतंच. पुढे कातळकोरीव पायऱ्या आहेत. मॅट सॅकला आडवी बांधू नका, शिडासारखी वारा धरते आणि नेमक्या अरुंद जागी तोल जातो. उभी, घट्ट आवळून बांधा.

माणशी तीन लिटर पाणी खालूनच न्या. तलावाचं पाणी स्वयंपाकाला, तेही गाळून, उकळून. स्टोव्हला वाऱ्याच्या बाजूनेच आडोसा करा. बर्नर थेट गॅसच्या डबीवर बसणारा असेल तर चहूबाजूंनी झाकू नका, डबी तापून फुटू शकते.

उतरताना दुसऱ्या बाजूच्या साल्हेरवाडी गावाची वाट घेणार असाल तर गाडी आधीच तिकडे बोलावून ठेवा.