रात्री २ ते ५ कोण जागणार? (फॅमिली ग्रुप, रविवार सकाळ)

सोनी लंडन, ७:३४
सलाम सगळ्यांना. कुणी उठलंय का? इकडे रात्रीचे दोन वाजून गेलेत. चर्चच्या हॉलमध्ये बसलेय, पाचपर्यंत डोळा लागू द्यायचा नाही. काहीतरी बोला.

आत्या नगर, ७:३६
अगं बाई! एवढ्या रात्री चर्चमध्ये काय करतेस?

आई, ७:३७
वन्सं, ते बेघर लोकांचं काम. दर शनिवारी जाते.

सोनी लंडन, ७:४१
नोव्हेंबर ते मार्च चालतं, आत्या. आमच्या भागातल्या सात चर्चनी सात रात्री वाटून घेतल्यात, शनिवार आमचा. साडेसातला दार उघडायचं. १४ जण येतात, नावं आधीच ठरलेली असतात, दिवसाच्या मदत केंद्रातून पाठवलेली. एकत्र जेवण, पत्ते, साडेदहाला दिवे बंद. सकाळी सातला नाश्ता, आठला सगळे बाहेर. दहाला याच हॉलमध्ये संडे स्कूल भरतं.

दादा पुणे, ७:४३
म्हणजे रोज नवं चर्च? बिऱ्हाड पाठीवर? एकाच जागी ठेवा की.

सोनी लंडन, ७:४६
एका चर्चला सात रात्री पुरतील इतकी माणसं कुठून आणायची? २०२० मध्ये कोविड आला तेव्हा सरकारने लोकांना हॉटेलांत हलवलं आणि हे एका हॉलमध्ये झोपवणं बंद पडलं. नंतर काही ठिकाणी स्वतंत्र खोल्या केल्या. त्याच बऱ्या, खरं तर. आमच्याकडे तेवढे पैसे नाहीत, म्हणून हॉल.

आत्या नगर, ७:४८
जेवायला काय देता? मी असते तर मटण-भाकरी केली असती.

सोनी लंडन, ७:५१
स्वयंपाकाला रांग आहे गं. नाताळच्या आठवड्यात तर लोकांना नको म्हणावं लागतं. सगळ्यांना वाढायचंय, जागायचं कुणालाच नाही. तक्त्यात २ ते ५ च्या रकान्यात दर आठवड्याला माझं नाव नि एका निवृत्त नर्सबाईंचं.

दादा पुणे, ७:५२
झोपलेल्या माणसांवर पहारा कशाला पण?

सोनी लंडन, ७:५७
पहारा नाही रे. हॉल काही झोपण्यासाठी बांधलेला नाही. आग लागली तर उठवायला कुणीतरी जागं हवंच. आणि सगळे झोपतात कुठे? रस्त्यावर रात्रीच भीती जास्त, त्यामुळे जागायची सवय लागलेली असते. एक काका तासभर माझ्यासमोर शब्दकोडं सोडवतायत. बाकीचे बूट उशाखाली घेऊन झोपलेत, चोरीला जाऊ नयेत म्हणून. इथेही.

आई, ७:५८
फोटो टाक ना एक.

सोनी लंडन, ७:५९
नाही आई. इथे त्यांना पाहुणे म्हणतात. तू झोपलेल्या पाहुण्याचा फोटो काढशील?

मामा केडगाव, ८:१०
उत्तम काम. पण येशूची सुवार्ता सांगता ना त्यांना?

सोनी लंडन, ८:१२
नाही मामा. जेवणाआधी एक छोटी प्रार्थना, ज्याला हवी त्याला. कुणी आपणहून विचारलं तर बोलतो. मुसलमान आहेत, शीख आहेत, काहीच न मानणारेही आहेत.

मामा केडगाव, ८:१५
मग चर्च आणि नगरपालिकेत फरक काय राहिला? पंडिता रमाबाईंनी १८९६ च्या दुष्काळात मुली वाचवून इथे आणल्या. त्यांना अन्न दिलं आणि देवाचं वचनही दिलं.

आत्या नगर, ८:२१
भाऊ, तुम्ही मोठे आहात म्हणून जपून बोलते. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात पुष्कळ लोक ख्रिस्ती झाले, त्यांत आमचे पूर्वजही होते. ते मनापासून झाले. पण गाव दोन पिढ्या काय म्हणत राहिलं? धान्यासाठी बाटले. माझ्या आजोबांनी चर्चचं पाळकपण केलं, तरी पाठीमागे हेच ऐकलं. ताटाबरोबर बायबल ठेवलं की घेणाऱ्याच्या श्रद्धेवर कायमचा डाग राहतो. पोरगी बरोबर करतेय.

दादा पुणे, ८:२२
आत्या, हे तू आम्हाला कधी सांगितलं नव्हतंस.

आत्या नगर, ८:२३
विचारलं होतंस कधी?

मामा केडगाव, ८:४४
ताई, तुमचं खरं आहे. मला पूर्ण पटलं असं नाही. संध्याकाळी फोन करतो.

दादा पुणे, ८:४७
सोने, तिकडे एवढे बेघर आहेत? श्रीमंत देश ना?

सोनी लंडन, ८:५३
२०२४ च्या शरदात एका रात्रीची मोजणी झाली, फक्त इंग्लंडमध्ये ४,६६७ जण उघड्यावर. २०१० ला १,७६८ होते. आणि यात फक्त रस्त्यावर दिसलेले आले, मित्राच्या सोफ्यावर झोपणारे नाहीत. आमच्याकडे एक आपल्या देशातला मुलगाही आहे, शिकायला आलेला. त्या व्हिसावर सरकारी घराची मदत मिळत नाही, शर्तच असते तशी. त्याने घरी काहीच सांगितलेलं नाही, म्हणून जास्त लिहीत नाही.

आई, ८:५४
देवा.

दादा पुणे, ८:५८
सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये सांगितलं होतं, शहरात लाख लोकांमागे एक निवारा हवा. आपल्याकडे ते राहिलं बाजूला. आमच्या तरुण संघाने डिसेंबरमध्ये स्टेशनजवळ ब्लँकेटं वाटली तेवढीच. फोटो टाकले होते मी.

सोनी लंडन, ९:००
पाहिले. दिवसा ती ब्लँकेटं ते कुठे ठेवतात, विचारलंत?

दादा पुणे, ९:०३
नाही.

आत्या नगर, ९:०५
मी निघते, साडेनऊला उपासना आहे. तिकडचं पांघरूण-बिंघरूण कोण धुतं गं?

सोनी लंडन, ९:०६
आम्हीच. चादरी पाळीपाळीने घरी नेतो. आज माझी पाळी, दोन पिशव्या.

आई, ९:३८
सोनी, जागी आहेस का?

सोनी लंडन, ९:४०
हो. पाचला येणार होता त्याचा आत्ता मेसेज आला. ताप आहे, येत नाही.

आई, ९:४०
मग आता?

सोनी लंडन, ९:४१
सातपर्यंत मीच. तू कणीक मळताना बोल माझ्याशी. नुसतं लिही, आवाज नको, काकांना आत्ताच डुलकी लागलीय.