स्कॅलप, तिसऱ्या आणि घरी आलेले पाहुणे : तुमचे अनुभव सांगा

टॅम्पा, फ्लोरिडा

जुलैत दादा-वहिनी, त्यांची दोन मुलं आणि आई आमच्याकडे येताहेत. आम्ही रत्नागिरीकडचे. लहानपणी दादाच्या पाठीवर बसून मी खाडी ओलांडलेली आहे, माझी पहिली गरीही त्यानेच बांधून दिली होती. मला इथे येऊन अकरा वर्षं झाली आणि तो पहिल्यांदाच येतोय. त्याला आधी समुद्रावर न्यायचं, बाकी सगळं नंतर, हे मी ठरवून टाकलंय.

आमच्यापासून सव्वा तासावर होमोसासा हे किनाऱ्यावरचं गाव आहे. तिथे १ जुलै ते २४ सप्टेंबर लोकांना स्कॅलप वेचता येतात. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगते: पंख्यासारखी चुण्यांची शिंपी, तळहातात मावेल एवढी. चार ते सहा फूट पाण्यात, समुद्री गवतात बसलेली असते. शिंपीच्या फटीतून निळ्या मण्यांसारखे डोळे रांगेने दिसतात. आपल्या खाडीतली तिसरी ही शिंपली वाळूत गप्प पडून राहते, पण हिला चाहूल लागली की शिंपा फटाफट मिटत पळते. डोळ्यांवर चष्मा, तोंडात स्नॉर्केलची नळी आणि हातात जाळीची पिशवी घेऊन वरून पोहत शोधायचं, दिसली की हाताने उचलायची.

आम्ही सात जण. आई ७१ वर्षांची, तिला पोहता येत नाही. वहिनीला एसटीतसुद्धा मळमळतं. धाकटा पुतण्या नऊ वर्षांचा. स्कॅलप आणि मासे दोन्ही एकाच दिवसात जमेल का? बोट आपणच भाड्याने घ्यावी की कॅप्टनसकट? तुम्ही पाहुण्यांना घेऊन कुठेही, कुठल्याही पाण्यावर असे गेला असाल तर सविस्तर लिहा. काय चुकलं ते आधी लिहा, म्हणजे मला उपयोग होईल.

गेन्सव्हिल, फ्लोरिडा

आम्ही स्कॅलप वेचायला दोनदा गेलो, दोन्ही वेळा फ्लोरिडातल्याच स्टाइनहॅचीला. पहिल्या वर्षी बोट स्वतः भाड्याने घेतली. सासू-सासरे, मेहुणा आणि आम्ही दोघं. नाश्ता, आवराआवर, बर्फाची खरेदी असं करत पाण्यावर पोचायला अकरा वाजले. सासऱ्यांनी नळी आयुष्यात पहिल्यांदा तोंडात धरली ती थेट समुद्रात. खारं पाणी नाकातोंडात गेलं, ते घाबरले आणि पुन्हा पाण्यात उतरले नाहीत. दोनच्या सुमाराला आभाळ काळं झालं. फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात दुपारचं वादळ जवळजवळ रोजचं आहे, हे मला ठाऊक होतं, तरी मी "अजून अर्धा तास" म्हणत राहिलो. उघड्या बोटीवर विजा चमकताना सासूबाईंनी माझ्या बायकोचा हात जो घट्ट धरला, तो मी विसरलेलो नाही. ती चूक माझी होती.

पुढच्या वर्षी आठवडाभर आधी सोसायटीच्या पोहण्याच्या तलावात रोज संध्याकाळी नळीचा सराव केला. सासऱ्यांचा चष्मा गळत होता, ते तिथेच कळलं. सकाळी सातला पाण्यावर गेलो आणि एकच्या आत परतलो. सासऱ्यांनी एकट्याने सत्तावीस स्कॅलप काढले.

तुमच्या प्रश्नांकडे येतो. कॅप्टनसकट बोट घ्या. कॅप्टनच्या परवान्यात प्रवाशांचा मासेमारी परवाना येतो. स्वतः बोट घेतली तर सोळा वर्षांच्या आणि त्यावरच्या पाहुण्यांना वेगळा काढावा लागतो, बाहेरच्यांसाठी तीन दिवसांचा १७ डॉलरला मिळतो. शिवाय १ जानेवारी १९८८ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला बोट चालवायची तर बोटसुरक्षेच्या अभ्यासाचं कार्ड लागतं. पण एक अडचण तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही: कॅप्टनसकट मिळणाऱ्या छोट्या बोटीवर पैसे देणारे प्रवासी जास्तीत जास्त सहा. तुम्ही सात आहात. आधी फोन करून विचारा, धक्क्यावर गेल्यावर कुणाला मागे ठेवायचं ही वेळ येऊ देऊ नका.

किती घ्यायचे याचा हिशेब असा: माणशी शिंपांसकट दोन गॅलन, म्हणजे साधारण साडेसात लिटरची बादली, किंवा सोललेलं मांस एक पाइंट, म्हणजे जेमतेम अर्धा लिटर. पण पूर्ण बोटीला दहा गॅलनच, माणसं कितीही असोत. आमच्या मेहुण्याला हे पटत नव्हतं. "एवढे पडलेत, कोण मोजतंय!" स्कॅलपचं आयुष्यच जेमतेम वर्षभराचं आहे. या वर्षी जे अंडी घालतील त्यांच्यावरच पुढचं वर्ष. फ्लोरिडात धंद्यासाठी ते काढायला नव्वदीच्या दशकापासून बंदी आहे, ती याच कारणाने. आम्ही त्याला हे बोटीवर बसून समजावलं, ते घरीच सांगायला हवं होतं.

माणसं पाण्यात असताना लाल कापडावर तिरका पांढरा पट्टा असलेला झेंडा बोटीवर लावायचाच, निदान वीस बाय चोवीस इंचांचा, आणि सगळे वर आले की उतरवायचा. मुलांना झेंड्यापासून तीनशे फुटांच्या आत राहायला सांगा. बाकीच्या बोटी कुठे हळू व्हायचं ते त्या झेंड्यावरून ठरवतात. आणि भरती-ओहोटीच्या मधला पाणी थांबलेला वेळ साधा. प्रवाह असला की गवत आडवं पडतं आणि शिंप्या त्याखाली लपतात. पाणी थांबलं की गवत उभं राहतं आणि मग त्या दिसतात.

रत्नागिरी

बाई, तुमच्या दादाला हे ठाऊक असणार, पण पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना खाडीत नेणाऱ्यांसाठी लिहितो. आमच्याकडे मे महिन्यात दर आठवड्याला कोणी ना कोणी असतं आणि सगळ्यांना तिसऱ्या काढायला जायचं असतं.

तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यात सहा तास मिळवले की पुरी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची ओहोटी, तेव्हा पाणी सगळ्यात लांब जातं, पण ती पडते पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा, सुकती भर दुपारी बारा वाजता येते आणि वाळू फारशी उघडी पडतच नाही. पाहुणे विचारतात, "रविवारी दहाला जाऊया?" मी पंचांग उघडतो.

तीन वर्षांपूर्वी मी हे कडकपणे पाळलं नाही. पुण्याची चुलत बहीण, तिचे यजमान, चार मुलं. घावणे झाले, चहा झाला, फोटो झाले. खाडीच्या मधल्या वाळूवर पोचलो तेव्हा सुकती संपत आली होती. मुलं रंगली. पायाच्या अंगठ्याने चाचपायचं, कडक लागलं की करवंटीने उकरायचं, हे त्यांना इतकं आवडलं की मला "चला" म्हणवेना. येताना घोट्याएवढा असलेला पाण्याचा पाट परतताना माझ्या कमरेच्या वर होता. भरती समोरून येताना दिसत नाही, ती मागच्या पाटातून भरते. पलीकडे जाळं टाकून पागायला आलेल्या गाववाल्याने होडी घातली आणि मुलांना दोन खेपांत नेलं. बहीण काही बोलली नाही. मला त्या रात्री झोप आली नाही.

आता माझा नियम आहे. सुकतीच्या दीड तास आधी वाळूवर आणि पाणी फिरलं की टोपल्या उचलायच्या, मग अर्ध्या भरलेल्या असोत. अंगठ्याच्या नखाएवढ्या तिसऱ्या परत पुरतो, मुलांकडूनच पुरून घेतो. घरी आणल्यावर खाडीच्याच पाण्यात चार-पाच तास ठेवायच्या, वाळू सोडतात. शिजवल्यावर जी तोंड उघडत नाही ती टाकायची. पावसाळ्यात आम्ही नेत नाही, कोणी कितीही गळ घातली तरी.

सिएटल

सासरे मूळचे श्रीवर्धनचे. इथे आले होते जानेवारीत, त्यामुळे त्यांना ओशन शोअर्सच्या किनाऱ्यावर रेझर क्लॅम, म्हणजे वाळूत पुरलेले लांबट शिंपले, खणायला नेलं. आमच्याकडे या खणण्याचे दिवस सरकार जाहीर करतं, आणि तेही शिंपल्यांतल्या विषाची तपासणी झाल्यावरच. हिवाळ्यातली उपयोगाची ओहोटी संध्याकाळी असते, म्हणून काळोखात डोक्याला दिवे लावून शेकडो लोक किनाऱ्यावर. बाबांना ते दृश्य पाहून दर्यावरच्या होड्यांचे दिवे आठवले.

एक गोष्ट आधी समजावून सांगायला हवी होती. माणशी पहिले पंधरा घ्यायचे, आणि घ्यायचेच. फुटले, लहान निघाले तरी परत टाकता येत नाहीत, कारण खणून काढलेला शिंपला पुन्हा जगत नाही. बाबांचे पहिले पाचही फावड्याने फुटले. ते चांगले शोधायला पुढे निघाले, मी थांबवलं, त्यांना अपमान वाटला. खरं तर चूक माझी, मी गाडीतच सांगायला हवं होतं. शिवाय प्रत्येकाची पिशवी वेगळी लागते, "माझे तुझ्यात टाक" चालत नाही. लाटेकडे पाठ करायची नाही. आणि थंडी! सासूबाईंना मी गाडीत हीटर लावून बसवलं, थर्मासमध्ये चहा दिला. त्या म्हणतात तीच त्यांची सगळ्यात आवडती संध्याकाळ.

वास्को, गोवा

थोडंच लिहिते. पाहुण्यांना चिखलीच्या बाजूला खाडीवर नेलं तर चपट्या, पातळ, आरपार उजेड दिसणाऱ्या शिंपा मिळतात. जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी लावायचे त्याच. वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे, काढू नका. माझ्या भाचीने पिशवी भरली होती, आम्ही जिवंत होत्या त्या सगळ्या परत ठेवल्या. त्याऐवजी तिला घरी तिसऱ्यांची एकशिपी करायला, म्हणजे शिंपा उघडून मांस एकाच शिंपीत ठेवायला, शिकवली, विळीवर.

ऑर्लँडो

कॅलेंडर बघितलंत का? आमच्याकडे काका-काकू ऑगस्टमध्ये आले. बोट ठरली सोमवारची, कारण सोमवारी स्वस्त होती. श्रावण लागलेला! बर्फाची पेटी भरून आणली आणि घरात खाणारे आम्ही दोघंच. काकूंनी तरीही सगळे सोलून दिले. तुमचा जुलै बहुतेक आषाढात जाईल, पण एकादशी, चतुर्थी, आईंचा गुरुवार, सगळं विचारून घ्या. कवचाच्या माशांची कुणाला ॲलर्जी आहे का, हेही.

सोलण्याचं: पेटीत बर्फावर ठेवले की शिंपा आपोआप सैल होतात. चमचा घालून काळा भाग काढायचा, मधला पांढरा गोल गड्डा तेवढा ठेवायचा. रिकाम्या शिंपा नदीत टाकू नका, तळाशी साचतात. तिसऱ्यांसारखं रस्सा करून उकळत ठेवलं तर रबर होतो. हळद, तिखट, कोकमाचं आगळ लावून तापल्या तव्यावर एका बाजूने एक मिनिट, दुसऱ्या बाजूने एक मिनिट, आणि उतरवायचं.

टॅम्पा, फ्लोरिडा (पुन्हा)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल जाऊन आलो.

कॅप्टनने सहाच्या वर घेणार नाही असं स्पष्ट सांगितलं. माझा नवरा आपणहून मागे राहिला, त्याने वाटण करून ठेवलं. दादाच्या मुलांना कॉलनीच्या पोहण्याच्या तलावात पाच दिवस सराव दिला. वहिनीने आदल्या रात्री आणि सकाळी गोळी घेतली, बोटीच्या मध्यभागी बसली, तिला काही झालं नाही. माणशी दोनप्रमाणे बारा गॅलन होतील, पण बोटीला दहाच, हे मुलांना मी घरीच सांगितलं होतं. धाकटा मोजत बसला होता. साडेसहा गॅलनवर दादा म्हणाला, "पुरे, आपण सात माणसं खाणारे." आणि खरंच थांबलो.

दादा पहिल्यांदा वर आला तेव्हा हातात एक शिंपी होती, ती त्याने आईच्या डोळ्यांसमोर धरली. "आये, बघ, ही आपल्याकडे बघते." आईने बराच वेळ ते निळे डोळे पाहिले. मग म्हणाली, "ही एवढी सोड." ती सोडली.

नंतर तासभर मासे गरवले. आईला मी हातात गरीचा दोर दिला, कॅप्टनची गळाची काठी तिला नको होती. तिला वीतभर मासा लागला. कॅप्टन म्हणाला, हा पिगफिश, मोठ्या माशासाठी आमिष म्हणून वापरू. आईने तो कानाशी धरला. करकर, करकर आवाज करत होता. "आपला करकरा मासा हो हा," ती म्हणाली, "आमिष कसलं?" आणि तिने तो स्वतःच्या डब्यात ठेवून झाकण लावलं. रात्री स्कॅलप सगळ्यांनी खाल्ले. करकरा तिने रव्यात घोळून तळला आणि अर्धा दादाच्या ताटात, अर्धा माझ्या ताटात वाढला.