गरुडाचं बटन असलेली जुनी करवत: डिस्टन आहे का?

लकडगंजकर:
लकडगंजातली एक जुनी आरा मशीन मोडीत निघाली, त्या सामानातली हातकरवत भंगारवाल्याकडे पाहिली. पातं २६ इंची, गंजलेलं पण सरळ. मुठीवर पितळी बटन, त्यात गरुड आणि भोवती 'वॉरंटेड सुपिरियर'. भंगारवाला म्हणतो अमेरिकन डिस्टन कंपनीची आहे, अडीच हजारांच्या खाली उतरत नाही. घ्यावी का?

महालचा मिस्त्री:
भाऊ, गरुडाच्या भरवशावर अडीच हजार देऊ नका. ते बटन एका कंपनीचं नाहीच. अमेरिकेतले कितीतरी कारखाने, खुद्द डिस्टनसुद्धा, दुय्यम प्रतीच्या किंवा दुकानदाराच्या नावाने विकायच्या करवतींना हेच बटन लावत. डिस्टनच्या आपल्या मालावर बटनातच नाव असतं आणि खाली फिलाडेल्फिया, तेही तोडून. 'फिलाडा' असेल तर साधारण १९१७ च्या आधीची, 'फिला' असेल तर नंतरची. १८४० ला सुरू झालेला हा धंदा १९५५ मध्ये घराण्याच्या हातून गेला. त्यानंतरच्या मालावर मी तरी पैसे घालत नाही.

खरं नाव पात्यावर शोधा. बटन ज्या बाजूला, त्याच बाजूला पात्याच्या मधोमध तेजाबाने कोरलेली अक्षरं असत, आणि गंजाखाली ती बरेचदा शाबूत सापडतात. सपाट ठोकळ्याला ४०० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळायचा, थोडं रॉकेल (आता मिळतं कुठे म्हणा, डिझेल घ्या) आणि लांबीच्या दिशेने हलका हात. नुसत्या बोटाने घासाल तर पेपर खोलगट अक्षरांत शिरून तीच पुसून टाकतो. ठोकळ्याने वरचं लोखंड उजळतं, अक्षरं काळी राहतात.

धंतोलीचा पोट्टा:
एवढी झंझट काहून? ग्राइंडरला तारेचा ब्रश लावा, दहा मिनिटांत चकाचक. आमच्या आजोबांच्या करवतीवर 'कास्ट स्टील' ठोकलंय आणि पितळी नटांना मधून आरपार फट आहे. म्हणजे १८५० च्या आसपासची ना?

महालचा मिस्त्री:
ब्रश बाजूला ठेव बाप्पा, नाव गेलं की उरतं ते भंगार. 'कास्ट स्टील' इंग्लंडातल्या शेफील्डवाल्यांनी दीडशे वर्षं ठोकलं, त्यावरून साल निघत नाही. फटीचे नट अमेरिकेत १८७५ च्या सुमारास मागे पडले, पण शेफील्डमध्ये विसाव्या शतकातही चालू होते. आधी कंपनी ठरव, मग नटांकडे बघ. पात्यावर हत्ती दिसला तर शेफील्डच्या टायझॅक कंपनीची असू शकते. आणि ते नट साध्या पेचकसाने उघडू नको, पितळ सोलून निघतं. जुन्या पेचकसाच्या टोकाला मधोमध कानशीने खाच पाड, दोन दात होतात, ते फटीत बसतात.

लकडगंजकर:
आज पुन्हा पाहून आलो. मुठीजवळ दात्यांच्या वर बारीक ८ आहे. घासू देत नाही तो. आणि दाते मुठीकडे कललेले आहेत!

महालचा मिस्त्री:
८ म्हणजे इंचाला आठ टोकं. दाते मुठीकडे म्हणजे आपल्याच कुण्या सुताराने ओढून कापायला कानस मारून घेतली. संग्रहाला तो खोट मानणारे मानोत, मला तर आवडतं. मूठ कुठे तडकली नसेल तर पाचशे म्हणा, आठशेला उचला. घासू देत नाही तोवर डिस्टनचा भाव नाही.