चावी कुणाच्या हातात होती? (अनुभव धागा)

गोव्यात दारूसाठी वय २१ लागतं, लायसन्स १८ला मिळतं. मधल्या तीन वर्षांत काय चालतं ते आपण सगळे जाणतो. परवा रात्री भाच्याला आणायला म्हापशाला गेलो. "दोनच बियर मामा, कांयच जावचें ना," म्हणाला आणि स्टँडवरून काढतानाच स्कूटर अंगावर घेतली. म्हणून विचारतोय. उपदेश नको, घडलेलं लिहा.

डिचोलीकर
एप्रिल महिना, काजूची बाग, हुर्राक (काजूबोंडांच्या रसाची पहिल्या धारेची दारू). त्यात लिंबू, मीठ, उभी चिरलेली मिरची. फेणीपेक्षा सौम्य, म्हणून आम्ही त्याला दारूत धरतच नसू. बाईक माझी, चावी माझ्याकडे. साखळीच्या वाटेवर वळण आलेलं दिसलं, पण ब्रेकपर्यंत हात पोचायलाच वेळ लागला. हेल्मेट हँडलला लटकत होतं. माझ्या मनगटात प्लेट बसली. मागे बसलेल्या दोस्ताने थेंबही घेतला नव्हता. त्याचा गुडघा आजही पुरता वाकत नाही. त्याच्या आईने मला कधी बोल लावला नाही. चवथीला त्यांच्याकडे पंगत बसते तेव्हा ती त्याच्यासाठी आतून खुर्ची आणते, आणि मी माटोळीकडे, गणपतीवर टांगलेल्या फळांकडे, बघत राहतो.

फोंडेकर
माझं प्रकरण सकाळचं. चुलतभावाच्या लग्नाची पार्टी, झोपलो तीनला. सातला आंघोळ, कडक कॉफी, शर्ट इस्त्रीचा. नाक्यावर अल्कोमीटरमध्ये फुंकलं तर मर्यादेच्या वर! मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम, आणि उतरते तासाला साधारण १५. कॉफीने झोप उडते, दारू नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, पहिल्याच खेपेला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कोर्टात वडील शेजारी उभे होते. पूर्ण वेळ चष्मा पुसत.

पणजीहून
मी चावी काढून घेतली होती. त्याच्याकडे दुसरी होती. याहून जास्त लिहवत नाही.

पेडणेकर
"पायलट (भाड्याची मोटरसायकल) घे" म्हणणं सोपं. रात्री अकराला आमच्या गावात पायलट कुठला? शेवटची बस तर संध्याकाळीच जाते. आम्ही चौघं पाळी लावतो: एकाने कोरडं राहायचं, त्याच्या जेवणाचे पैसे बाकीच्यांनी द्यायचे. एकदाच मोडलं. चालत आलो, पाच किलोमीटर, मागे कुत्री.

बारवाल्याची मुलगी
आमचा गावातला छोटा बार. गल्ल्यामागे कॅलेंडरच्या खिळ्याला बाबा गिऱ्हाइकांच्या चाव्या अडकवतात. तरुण पोरं चिडतात, "तुमका कित्याक पडलां?" म्हणतात. सकाळी न्यायला आले की आधी चहा, मग चावी. एक जण मात्र अजून रागावलेला आहे. तो आता पलीकडच्या बारात जातो. तिथे खिळा नाही.